लेकराला ऊन पाण्याच्या झऱ्यावर उपचारासाठी ठेवायचं असेल तर

हिंगोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा 7 वर्षांचा, वजन 20 किलो. तीन वर्षांपासून कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यांच्या मागं इसब आहे. थंडी पडली की वाढतं, रात्री खाजवून खाजवून चादरीला रक्ताचे डाग लागतात. सासूबाईंचं म्हणणं असं, की किनवट तालुक्यात पैनगंगेकाठी उनकेश्वर आहे, तिथं गंधकाच्या ऊन पाण्यात 21 दिवस आंघोळ घातली की रोग मुळापासून जातो. ताई विचारतात: न्यावं का, केव्हा न्यावं, किती दिवस, सोबत काय घ्यावं, आणि मलमं बंद करून न्यावं का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं. मलमं बंद करून नेऊ नका. इसब असलेलं लेकरू उपचार तोडून गरम पाण्यात बसवलं की चौथ्या-पाचव्या दिवशी अंग लालबुंद होतं, घड्यांतून पाणी सुटतं आणि शेजारचं कुणीतरी सांगतं, "घाबरू नका, रोग बाहेर पडायलाय." रोग बाहेर पडत नसतो. त्वचा भाजून, सुकून, फाटून तिच्यात जंतू शिरलेले असतात.

न्यायचं असेल तर जरूर न्या. पण इसबासाठी झऱ्याचा उपयोग गरम पाण्यानं होत नाही. उपयोग होतो तो कोमट पाण्यानं, त्यानंतर तीन मिनिटांच्या आत लावलेल्या मॉइश्चरायझरनं, आणि आई-बाप दुसरं कुठलंही काम हाती न घेता दिवसभर लेकराजवळ असण्यानं. युरोपात मुलांच्या इसबासाठी नावाजलेले झरे बघा. फ्रान्समधल्या आवेनच्या झऱ्याचं पाणी सुमारे 26 अंशांचं, म्हणजे शरीरापेक्षा गार असतं. ला रोश-पोझे इथलं पाणी त्याहूनही थंड. तिथं मूल डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीन आठवडे राहतं, त्यातले 18 दिवस उपचार होतात, आणि आईला मलम कसं लावायचं हेही शिकवतात. आपल्याकडं मात्र "जितकं ऊन सोसवेल तितका गुण" असा समज आहे. कोकणात उन्हवरेचं पाणी 70 अंशांच्या आसपास निघतं, त्यात माणूस बसूच शकत नाही. ऊनपणा हा झऱ्याचा गुण आहे, औषधाचा नाही.

इसबाची त्वचा ही गाऱ्याविना रचलेल्या विटांच्या भिंतीसारखी असते. आतला ओलावा बाहेर निसटतो आणि बाहेरची धूळ, घाम, साबण आत शिरतात. गरम पाणी त्वचेवरचा उरलासुरला स्निग्ध थर धुऊन नेतं, रक्तवाहिन्या फुलवतं, घाम आणतं आणि खाज भडकवतं. आंघोळ झाल्यावर अर्धा तास लेकराला बरं वाटतं, कारण उष्णतेनं खाजेची जाणीव थोडा वेळ दबते. तेवढ्यावरून घरचे म्हणतात, "गुण आला." रात्री बारा वाजता तेच लेकरू पुन्हा खाजवत उठतं.

निघण्याआधी हे इसबच आहे का, याची त्वचारोगतज्ज्ञांकडून खात्री करून घ्या. झऱ्यावर नेली जाणारी कितीतरी मुलं दुसऱ्याच रोगाची असतात. घरात दोघा-तिघांना रात्री खाज सुटते आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, कमरेला बारीक पुरळ आहे, तर ती खरूज. तिला घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री 5 टक्के परमेथ्रिनचं मलम गळ्यापासून तळपायापर्यंत लावायचं असतं आणि आठवड्यानं पुन्हा एकदा. त्यात झऱ्याचं काहीच काम नाही. कडा उठलेली, मधे निवळत जाणारी गोल चकती असेल तर ते गजकर्ण. त्याच्यावर मेडिकल दुकानातून आणलेलं स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेलं मिश्र मलम लावत गेलात तर ते दबून पसरतं आणि ओळखू येईनासं होतं. आणि फिकट चट्टा असेल, तिथं पिसानं स्पर्श केला तर लेकराला कळत नसेल, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. त्याचा उपचार फुकट आणि पक्का आहे. बधिर कातडीला गरम पाणी कळत नाही, ती निवांत भाजते.

आणखी एक तपासणी आपल्या भागात विसरू नये, ती सिकलसेलची. किनवट, माहूर, हिंगोलीचा हा पट्टा गोंड, कोलाम, आंध, परधान वस्तीचा आहे आणि या समाजांत हा रक्तदोष आढळतो. सिकलसेल असलेल्या मुलाच्या शरीरातलं पाणी कमी झालं किंवा गरमातून एकदम गारात आलं, तर हाडं-पोट दुखण्याचा जोराचा झटका येऊ शकतो. घरात कुणाला हा आजार असेल, किंवा लेकराला वारंवार कावीळ, हातपाय दुखणं, रक्त कमी असणं असा त्रास असेल तर सरकारी दवाखान्यात साधी रक्तचाचणी करून घ्या आणि मगच पुढचं ठरवा. ताप, जुलाब, फिट येण्याचा त्रास, हृदयाचा आजार, आटोक्यात नसलेला दमा, अंगावर पिवळी खपली किंवा पाणी सुटलेल्या जखमा, यातलं काही असेल तर मुक्काम पुढं ढकला. पाच वर्षांखालच्या मुलाला गरम कुंडात अजिबात उतरवू नये. लहान मुलाच्या वजनाच्या मानानं कातडी मोठी असते, त्यामुळं उष्णता भराभर आत जाते, आणि घामानं ती बाहेर टाकायची त्याची ताकद मोठ्या माणसाएवढी नसते.

आता एक विनंती. खोली ठरवण्याआधी 14 दिवस हाच दिनक्रम घरी करून बघा. रोज एकदा कोमट पाण्याची 10 मिनिटं आंघोळ, लगेच मॉइश्चरायझर, दिवसातून आणखी दोनदा मॉइश्चरायझर, लाल चट्ट्यावर डॉक्टरांनी दिलेलं मलम. इतकं नेटानं केल्यावर निम्म्याहून जास्त फरक पडला, तर तुमच्या लेकराला कशाची कमतरता होती ते कळेल. मग झऱ्यावर 21 नाही, 7 ते 10 दिवस पुरतात. 21 हा आकडा आपल्या व्रताच्या हिशेबातून आलेला दिसतो. फ्रान्समधल्या मुक्कामात दिवस जास्त असतात, पण त्यात शिकवणंही येतं.

फरक डोळ्यांनी मोजू नका, कागदावर मोजा. दर रविवारी सात प्रश्न विचारायचे: गेल्या आठवड्यात किती दिवस खाज होती, किती रात्री झोपमोड झाली, किती दिवस रक्त आलं, पाणी सुटलं, कातडी तडकली, कोंडा निघाला, कोरडी-खरखरीत वाटली. एकही दिवस नाही तर 0, एक-दोन दिवस 1, तीन-चार दिवस 2, पाच-सहा दिवस 3, रोज असेल तर 4 गुण. एकूण 28 पैकी. 7 पर्यंत सौम्य, 8 ते 16 मध्यम, 17 पासून पुढं तीव्र. डॉक्टर याला पोएम म्हणतात. तीन-चार गुणांचा फरक पडला तर तो खरा फरक समजावा. घरून निघताना, मुक्कामाच्या सातव्या दिवशी, परतल्यावर महिन्यानं आणि तीन महिन्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवा. सासूबाईंना आणि डॉक्टरांना, दोघांनाही तो दाखवता येतो आणि वाद उरत नाही.

केव्हा जावं? दिवाळीच्या सुट्टीपासून जानेवारी अखेरपर्यंत. शाळेच्या दृष्टीनं दिवाळीची सुट्टी उत्तम, चार-पाच दिवस वाढवून घ्यायचे असतील तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र आधीच वर्गशिक्षकांना द्या. एप्रिल-मेमध्ये हवाच 42-43 अंशांवर असते, लेकरू पाण्याबाहेरही घामानं खाजवतं. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी आणि वाहून आलेली घाण कुंडात मिसळायची भीती, वर डास. श्रावणातले सोमवार, महाशिवरात्र टाळा, कारण शिवाचं ठिकाण आहे आणि त्या दिवशी कुंडात माणसावर माणूस असतं. माहूरही याच भागात असल्यामुळं नवरात्र आणि दत्तजयंतीच्या आसपास गाड्या, खोल्या दोन्ही भरलेल्या असतात. नांदेडहून आदिलाबादकडं जाणारी रेल्वे किनवटला थांबते. तिथून पुढच्या एसटीची वेळ आगारात विचारूनच निघा, लेकराला फाट्यावर उन्हात तासभर बसवू नका.

खोली घेताना देवळापासून किती लांब यापेक्षा नहाणी बघा. आत लेकरासाठी टब मावतो का, फरशीवर शेवाळ आहे का, वर हवा जायला झरोका आहे का. गंधकाच्या पाण्याला नासक्या अंड्यासारखा वास येतो, तो वायू बंद खोलीत साचला तर डोळे चुरचुरतात, दम्याचं मूल खोकत सुटतं. झरोका नसेल तर आंघोळ अंगणात आडोसा करून घाला. खोलीत मोबाईलला रेंज आहे का तेही बघा. रात्री 108 लावायची वेळ आली तर ते लागतं. जवळचा सरकारी दवाखाना किनवटला, मोठं इस्पितळ नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. दोन्हीकडं जायला किती वेळ लागतो हे पहिल्याच दिवशी एखाद्या जीपवाल्याला विचारून त्याचा नंबर घेऊन ठेवा.

लेकराच्या अंगावर चांदी असेल, पायात वाळे, कमरेला करगोटा, तर ती काढून घरी ठेवा. पाण्यात गंधकाचा वायू असेल तर चांदी दोन-तीन दिवसांत काळी पडते. लोक म्हणतात, "अंगातलं विष चांदीनं ओढलं." विष नाही, चांदी आणि गंधकाचा संयोग होऊन काळा थर बसतो. झाकणात झऱ्याचं पाणी घेऊन त्यात करगोट्याची एक कडी टाकून ठेवली तर तीही काळी होते, तिथं कुणाचं अंग नसतं. सासूबाईंना रागावून सांगू नका, हे करून दाखवा.

आता पाणी. कुंडात उतरवायचं नाही, कुंडाचं पाणी काढून आणून स्वतःच्या टबात घालायचं. कुंडात नायटा असलेली, खरूज असलेली, जखमा असलेली माणसं आशेनं आलेली असतात, त्यांचा दोष नाही, पण इसबाच्या फुटक्या कातडीत जंतू सहज शिरतात. 50 लिटरचा प्लास्टिकचा टब सात वर्षांच्या मुलाला मांडी घालून बसायला पुरतो. तो घरून न्या, त्यातच सामान भरून नेता येतं.

टबातलं पाणी 34 ते 36 अंश हवं. आजी कोपर बुडवून पाणी बघते ती रीत चांगली, पण कोपराला 35 आणि 39 मधला फरक नेमका कळत नाही, आणि इसबाला तो कळतो. तापाचा थर्मामीटर इथं चालत नाही, तो 42-43 च्या पुढं मोजतच नाही. दूध डेअरीत वापरतात तो काचेचा किंवा शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान मिळतं तिथला 0 ते 100 अंशांचा थर्मामीटर घ्या. झऱ्याचं पाणी बादलीत काढल्या काढल्या मोजा, साधं पाणी मोजा, आणि हिशेब करा: हव्या तापमानातून गार पाण्याचं तापमान वजा करा, त्याला दोन्ही पाण्यांच्या फरकानं भागा, तेवढा हिस्सा गरम पाण्याचा. समजा बादलीतलं झऱ्याचं पाणी 44 निघालं आणि साधं 26, तर 35 साठी निम्मं-निम्मं. डिसेंबरच्या सकाळी साधं पाणी 20 अंश असेल, तर 20 लिटरच्या बादलीत साडेबारा लिटर झऱ्याचं आणि साडेसात साधं. उन्हाळ्यात टाकीचं पाणीच 34 वर असतं, तेव्हा 18 लिटर टाकीचं आणि दोनच लिटर झऱ्याचं. "एवढं साधं पाणी घातल्यावर झऱ्याचा गुण काय राहिला?" असं वाटत असेल तर झऱ्याचं पाणी काढून झाकून ठेवा आणि आपोआप 35 वर येऊ द्या. क्षार तेवढेच राहतात, उष्णता जाते. मला हीच रीत जास्त पटते, फक्त वेळ लागतो आणि गंधकाचा वायू उडून जातो.

टबात पाणी घालताना आधी गार, मग गरम, मग हात फिरवून ढवळायचं, मग मोजायचं, आणि सगळ्यात शेवटी लेकरू. क्रम उलटा झाला की अपघात होतो. 60 अंशांचं पाणी तीन ते पाच सेकंदांत खोल भाजतं आणि मुलाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते. भाजलंच तर 20 मिनिटं साध्या गार पाण्याची धार धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नाही. मग दवाखाना.

एक नियम मात्र कुठल्याही परिस्थितीत मोडायचा नाही: नाकात पाणी जाता कामा नये. डुबकी नाही, तोंडावर हबका नाही, पाण्याखाली श्वास धरायचा खेळ नाही. गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमिबा वाढतो, 46 अंशांपर्यंतचं पाणी त्याला मानवतं. तो नाकावाटे मेंदूत जातो आणि बहुतेक वेळा जीव घेतो. 2024 साली केरळात मुलं यानं दगावली. असं फार क्वचित होतं, पण झालं तर हातात काही उरत नाही, म्हणून हा नियम. झऱ्यावरून आल्यावर पंधरवड्यात जोराचं डोकं दुखणं, ताप, उलट्या, मान आखडणं असं काही झालं तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मूल ऊन पाण्याच्या झऱ्यावर होतं.

झऱ्याचं पाणी पाजूही नका, घोटभर तीर्थ म्हणूनही रोज नको. गरम झऱ्यांत फ्लोराइड जास्त असणं नेहमीचं आहे, आणि आपल्याकडं नांदेड-यवतमाळच्या कित्येक गावांत विहिरी-बोअरलाही तोच त्रास आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅम चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. वाढत्या वयात त्याहून जास्त जात राहिलं तर दात डागाळतात. उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यानं त्याचं प्रमाण वाढतं. पिण्यासाठी सीलबंद जार घ्या. 20 किलोच्या लेकराला दिवसाला साधारण दीड लिटर द्रव लागतं, दूध-ताक-वरण धरून. आंघोळीआधी अर्धा पेला आणि नंतर एक पेला पाणी हातात द्या. ओआरएसची चार पाकिटं ठेवा, एक पाकीट एक लिटरला, अंदाजानं अर्धं पाकीट पेल्यात नाही.

दिनक्रम असा धरा. पहिला दिवस प्रवासाचा, त्या दिवशी झऱ्याची आंघोळ नाही. संध्याकाळी फक्त एका हाताच्या कोपराच्या खालचा, इसब नसलेला भाग 10 मिनिटं झऱ्याच्या कोमट पाण्यात धरायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं. लाली, पुरळ, चुरचुर नसेल तर दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी 5 मिनिटं टबात. चौथ्या दिवसापासून 10 मिनिटं, दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त 15. मोबाईलवर गजर लावा, पाण्यात खेळणाऱ्या लेकराला आणि गप्पांत रंगलेल्या मोठ्यांना वेळ कळत नाही. सातव्या दिवशी विश्रांती. वेळ सकाळी 9 ते 10, पोटात काही गेल्यावर तासाभरानं. पाणी चुरचुरतं असं लेकरू म्हणालं तर बाहेर काढून साध्या कोमट पाण्याचे दोन तांबे अंगावर घाला, म्हणजे अंगावर वाळणारे क्षार निघून जातात. साबण रोज नको. काख, जांघ आणि पाय एवढ्यालाच, तोही सौम्य, वासाचा नसलेला. घासणी, नारळाची शेंडी, बेसन, वजरी यातलं काही नको.

पुढची तीन मिनिटं म्हणजे सगळा उपचार. लेकराला टबाबाहेर काढलं की जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं टिपायचं, पुसायचं नाही. अंग पुरतं कोरडं होऊ द्यायचं नाही, घडीत दंव राहिल्यासारखं राहू द्या. आधीच डबी उघडून ठेवा, चमच्यानं काढून तळहातावर घ्या, बोटं डबीत घालू नका, नाहीतर जंतू त्यातच वाढतात. गळ्यापासून खाली, केसाच्या दिशेनं, लांब हात फिरवत लावा. उलट्या दिशेनं चोळलं की केसांच्या मुळाशी बारीक फोड येतात. कातडी ओली चकचकीत दिसली पाहिजे. पांढऱ्या सॉफ्ट पॅराफिनचं साधं मलम पुरतं, महागडी बाटली लागत नाही. आठवड्याला किमान 250 ग्रॅम लागतं. 10 दिवसांसाठी 500 ग्रॅमची डबी न्या. इसबावर गुण येत नाही म्हणणाऱ्या घरात बहुतेक वेळा 50 ग्रॅमची ट्यूब दोन महिने चाललेली असते, कारण तिथंच सापडतं. मॉइश्चरायझर संपलं तर खोबरेल तेल चालेल, मोहरीचं आणि ऑलिव्हचं नाही, ती कातडीचा थर आणखी बिघडवतात. पॅराफिन लावलेल्या कपड्याला आग लवकर लागते, चूल-शेगडी-निरांजनापासून लेकराला लांब ठेवा.

मॉइश्चरायझरनंतर अर्ध्या तासानं लाल चट्ट्यांवर डॉक्टरांचं स्टिरॉइड मलम. माप असं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढली की अर्धा ग्रॅम, ते मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. कोपर आणि गुडघ्यांच्या चारही घड्या मिळून दोन रेघा, म्हणजे एका वेळेला एक ग्रॅम. दिवसातून एकदा लावायचं असेल तर 10 दिवसांना 15 ग्रॅमची एक ट्यूब भरपूर, दोनदा असेल तर दोन. दिवसातून एकदा किंवा दोनदा, जसं लिहून दिलं असेल तसं, आणि तेवढ्याच दिवस. लोक स्टिरॉइडला भिऊन मटारएवढं लावतात आणि मग महिनोन्‌महिने लावत राहतात. योग्य प्रमाणात थोडे दिवस लावणं त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. दमा असेल तर पंप आणि त्याला जोडायची नळी (स्पेसर) टबाशेजारी हवी, बॅगेच्या तळाशी नाही.

रात्रीच्या खाजेसाठी नखं दर तिसऱ्या दिवशी कापा, लांब बाह्यांचे सुती कपडे घाला, लोकरीचं स्वेटर थेट अंगाला नको, सुती सदऱ्यावरून घाला. कपडे धुतल्यावर दोनदा खळबळून काढा, क्षाराच्या जड पाण्यात साबण लवकर निघत नाही. डोळा लागेना तेव्हा खाजेच्या जागी गार ओला फडका पाच मिनिटं ठेवा आणि वरून पुन्हा मॉइश्चरायझर.

पथ्याबद्दल मोकळेपणानं सांगतो. झऱ्यावर गेलं की दूध, अंडं, वांगं, मसूर, शेंगदाणा, आंबट सगळं बंद करायची रीत आहे. 20 किलोच्या लेकराचं 10 दिवसांत वजन कमी होतं आणि इसब आहे तिथंच राहतं. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दोन तासांत पित्त उठणं, ओठ सुजणं, उलटी असं होत असेल तर तेवढाच बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. बाकी ज्वारीची भाकरी, वरण, दही, पालेभाजी, अंडं, जे घरी खातं ते खाऊ द्या.

मुक्कामात लेकरू थोडं मरगळलं, जास्त झोपायला लागलं तर एक दिवस आंघोळ सोडा. पण अंगावर एकाच आकाराचे, दुखणारे, मधे खड्डा असलेले फोड गुच्छानं आले आणि ताप चढला, तर त्याच दिवशी नांदेड गाठा, रात्र काढू नका. तो नागिणीसारख्या विषाणूचा संसर्ग इसबावर पसरलेला असतो आणि त्याचं औषध वेळेत लागतं. पिवळी मधासारखी खपली, वाढती सूज असेल तर आंघोळ बंद आणि 24 तासांत डॉक्टर. टबातून काढल्यावर चक्कर, उलटी, चेहरा लाल आणि गुंगी असेल तर उष्णता चढली आहे: कपडे काढा, सावलीत घ्या, साध्या पाण्याचा फडका अंगभर फिरवत वारा घाला.

याच प्रश्नाला जोडून सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन स्नायू आखडण्याचा आजार) किंवा सांध्यांचा आजार असलेल्या मुलांचे पालकही झऱ्याबद्दल विचारतात. त्यांचा हिशेब वेगळा. तिथं ऊब खरंच कामाची असते, कारण ऊबेनं आखडलेले स्नायू सैल होतात आणि पाणी वजन पेलतं. पण पाणी 33 ते 35 अंशच हवं, छातीपर्यंत खोल हवं, आणि सोबत पाण्यातले व्यायाम येणारा फिजिओथेरपिस्ट हवा. अमेरिकेत पुढं राष्ट्राध्यक्ष झालेल्या रूझवेल्टनी 1927 साली पोलिओच्या रुग्णांसाठी वॉर्म स्प्रिंग्जला संस्था उभी केली, तिथलं पाणी 31 अंशांचं होतं आणि काम करत होते ते व्यायाम. नुसतं कुंडात बसवून पाय सरळ होत नाहीत. या मुलांसाठी झऱ्यापेक्षा शहरातला गरम पाण्याचा तलाव आणि आठवड्यातून दोन सत्रं वर्षभर, हे जास्त पदरात पडतं.

ताई, परत आल्यावर पंधरा दिवसांत इसब उसळलं तर झऱ्याचा गुण संपला असं समजून पुन्हा बॅग भरू नका. आधी घरचं बघा. बोअरचं पाणी आणि कपडे धुण्याची पावडर बदलली का, हिटरचं पाणी पुन्हा 42 वर गेलं का, शाळेची सकाळ आल्यावर आंघोळीनंतरची ती तीन मिनिटं निसटली का. बहुतेक वेळा तिसरंच असतं. डबी नहाणीतच, लेकराच्या टॉवेलशेजारी खिळ्याला पिशवीत टांगून ठेवा, आणि सासूबाईंना ती लावायचं काम द्या.